‘अनुभव’ आणि ‘उमेदवारी’ : नवशिक्षित परिचारिकेच्या पहिल्या नोकरीचा भाषिक विचार

परिचर्येचे शिक्षण पुरे करून आणि परिषदेच्या नोंदवहीत नाव दाखल करून जी मुलगी रुग्णालयाच्या दाराशी येते, तिला बहुधा पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : अनुभव किती? ‘नाही’ असे उत्तर आले की पुष्कळ ठिकाणी संभाषण तेथेच संपते. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, असे हे चक्र आहे. ह्या चक्राचा विचार अर्थशास्त्राने किंवा आरोग्यप्रशासनाने करावा, भाषाशास्त्राच्या पत्रिकेत त्याचे काय प्रयोजन, अशी शंका वाचकांस येणे स्वाभाविक आहे. परंतु हे चक्र ज्या शब्दाभोवती फिरते त्या शब्दाचा अर्थ नोकरी देणाऱ्याने, मागणाऱ्याने किंवा नियम करणाऱ्याने क्वचितच निश्चित केलेला असतो. शब्दार्थ अनिश्चित ठेवून जेव्हा माणसांची निवड होते, तेव्हा तो प्रश्न काही अंशी आपल्याही शास्त्राचा होतो.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : परिचारिकांच्या नेमणुकीच्या व्यवहारात ‘अनुभव’ हा एकच शब्द दोन भिन्न अर्थांनी योजला जातो. एक अर्थ कौशल्याचा, दुसरा कागदाचा. ह्या दोहोंची गल्लत झाल्यामुळे नवशिक्षित परिचारिकेची वाट अडते. आणि ही गल्लत कशी झाली हे पाहिले असता तिच्या निरसनाची दिशाही दिसू लागते.

प्रश्नाचे स्वरूप

येथे एक विरोधाभास प्रथम ध्यानात घ्यावयास हवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे २ कोटी ९८ लक्ष परिचारिका होत्या, आणि तरीही ५८ लक्ष परिचारिकांची उणीव होती. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकाप्रमाणे सर्वसाधारण कक्षात, अध्यापन रुग्णालय असेल तर तीन रुग्णांमागे एक आणि अन्य रुग्णालय असेल तर पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. आपल्याकडील कोणत्याही मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या कक्षात रात्रपाळीच्या वेळी डोकावून पाहणाऱ्यास हे प्रमाण कागदावरच राहिले आहे हे सांगावे लागत नाही. म्हणजे एकीकडे मनुष्यबळाची उणीव आणि दुसरीकडे शिकलेल्या मुलींची वणवण, अशी स्थिती एकाच वेळी आढळते. अर्थात् ह्याची प्रमुख कारणे आर्थिक आहेत. पदे मंजूर नसतात, मंजूर असली तरी भरली जात नाहीत, भरली तर कंत्राटी पद्धतीने. आणि लहान खाजगी रुग्णालयांत शिक्षित परिचारिकेऐवजी अल्पशिक्षित साहाय्यक ठेवणे स्वस्त पडते. ही कारणे नाकारण्याचा येथे हेतू नाही. परंतु ह्या सर्व कारणांना उंबरठ्यावर जो एक शब्द साहाय्य करतो, तो पाहणे अगत्याचे आहे.

तत्पूर्वी परिभाषेचा थोडा खुलासा करू. आपल्या देशात परिचर्येच्या शिक्षणाचे तीन मुख्य मार्ग आहेत : साहाय्यक परिचारिका-प्रसाविकेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, सर्वसाधारण परिचर्या व प्रसूतिशास्त्र ह्या विषयांची तीन वर्षांची पदविका, आणि चार वर्षांची बी. एस्सी. पदवी. शिक्षणानंतर राज्य परिषदेकडे नोंदणी केल्याविना व्यवसाय करता येत नाही; महाराष्ट्रात ही नोंदणी १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमान्वये होते. शासकीय रुग्णालयांत अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी चढती पदे मराठीत रूढ आहेत. रुग्णाच्या तोंडी मात्र ह्या सर्वजणी ‘सिस्टर’च होत, आणि पुरुष असेल तर ‘ब्रदर’. प्रस्तुत लेखात स्त्रीलिंगी रूपे योजली असली तरी ती व्यवसायातील पुरुषांनाही लागू समजावीत.

‘पाहिजेत’ ह्या क्रियापदाचे व्याकरण

आता जाहिरातीची भाषा पाहू. वृत्तपत्रात अथवा रुग्णालयाच्या फलकावर जी जाहिरात येते तिचा साचा सामान्यतः असा असतो : ‘परिचारिका पाहिजेत. दोन वर्षांचा अनुभव असणे आवश्यक. वेतन पात्रतेनुसार.’ ह्या तीन लहान वाक्यांत एकाही ठिकाणी कर्ता नाही.

‘पाहिजे’ हे रूप ‘पाहणे’ ह्या धातूच्या जुन्या कर्मणी रूपापासून आले आहे हे विद्यार्थ्यांस विदित आहेच. ‘पाहिजे’ म्हणजे मुळात ‘पाहिले जाते’, आणि त्यावरून ‘हवे असते’. जे पाहिले जाते ते वाक्यात राहते. पाहणारा व्याकरणातून निघून जातो. ‘असणे आवश्यक’ ह्या रचनेतही तेच घडते. अनुभव आवश्यक आहे खरा, पण कोणास, कशासाठी आणि कोणत्या कामाकरिता, हे वाक्य सांगत नाही. ‘आमच्या अतिदक्षता कक्षात रात्री एकटीने सहा यंत्रे सांभाळावी लागतील, म्हणून तसे काम केलेली व्यक्ती आम्हांस हवी’ असे कोणी लिहिले, तर मागणीची यथार्थता तपासता येईल. कर्तृहीन वाक्यात ती तपासता येत नाही. मागणी ही जणू निसर्गनियम असल्यासारखी समोर उभी राहते.

अशा जाहिरातींत दुसराही एक शब्द आढळतो, तो म्हणजे ‘फ्रेशर’. ब्रिटनमधील विद्यापीठांत हा शब्द नुकत्याच प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यास लावतात. भारतीय इंग्रजीत, आणि तेथून मराठीत, तो शिक्षण संपवून नोकरीच्या शोधात निघालेल्यास लावला जातो. म्हणजे ज्या टप्प्यास एक समाज शिक्षणाचा शेवट मानतो, त्याच टप्प्यावर दुसरा समाज माणसास पुनश्च कोरी पाटी ठरवितो. तीन किंवा चार वर्षे रुग्णांच्या उशाशी घालविलेली मुलगी ‘कोरी’ कशी, हा प्रश्न ह्या उसन्या शब्दामुळे विचारलाच जात नाही.

ही सीमा केव्हा उत्पन्न झाली?

‘शिकलेली, परंतु अनुभव नसलेली परिचारिका’ ही कोटी पूर्वीपासून होती काय? इतिहास पाहता असे दिसते की आधुनिक परिचर्येच्या आरंभकाळी तिला जागाच नव्हती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या निधीतून १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात जी शाळा निघाली, तिच्यातील शिकाऊ मुली रुग्णालयाच्या कक्षांत काम करीतच शिकत असत. आपल्याकडेही शिक्षणाची घडण अशीच होती. मुंबईचे कामा रुग्णालय १८८६ साली सुरू झाले व तेथे हिंदी स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण मिळू लागले. पुण्यात १९०९ साली स्थापन झालेल्या सेवासदनाच्या द्वारे रमाबाई रानडे यांनी मध्यमवर्गीय घरांतील स्त्रियांना, विशेषतः विधवांना, ह्या व्यवसायाकडे वळविले, आणि त्यांचे शिक्षण ससून रुग्णालयाच्या कक्षांत झाले. ह्या व्यवस्थेत शिकणारी मुलगी हीच रुग्णालयाची कामकरी होती. शिक्षण संपले त्या दिवशी ती त्या रुग्णालयास अपरिचित नव्हती. ‘पहिली नोकरी’ नावाचा वेगळा उंबरठा तिला ओलांडावा लागत नसे.

ह्या पद्धतीचे दोषही होते. शिक्षणाच्या नावाखाली स्वस्त श्रम घेतला जाई आणि शास्त्रीय अध्ययनास वेळ उरत नसे. म्हणून परिचर्येचे शिक्षण महाविद्यालयांत नेण्याची चळवळ झाली. दिल्ली आणि वेल्लोर येथे १९४६ साली पदवीचे पहिले अभ्यासक्रम सुरू झाले. पुढे मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठानेही परिचर्या महाविद्यालय चालविले. हे पाऊल योग्यच होते. परंतु विद्यार्थिनी रुग्णालयाची राहिली नाही, महाविद्यालयाची झाली. आणि शिकणे व काम करणे ह्यांच्या मध्ये एक फट पडली. ‘अनुभव’ हा शब्द आज नेमका त्या फटीत उभा आहे.

एक शब्द, दोन अर्थ

‘अनुभव’ ह्या शब्दात ‘भू’ हा धातू आणि ‘अनु’ हा उपसर्ग आहे. घडणाऱ्या गोष्टीच्या मागोमाग, तिच्या सोबत राहून जे प्राप्त होते ते अनुभव. मूळ अर्थाने तो मोजावयाचा पदार्थ नव्हे. आपण ‘अनुभव येतो’ किंवा ‘अनुभव घेतो’ असे म्हणतो. त्यात प्रक्रिया आहे. ‘दोन वर्षांचा अनुभव’ ह्या षष्ठीच्या प्रयोगाने मात्र तो मापात बसतो आणि मालकीचा होतो.

पहिला अर्थ, म्हणजे कौशल्याचा अर्थ, निराधार नाही. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात परिचारिकेच्या वाढीच्या पाच पायऱ्या वर्णिल्या आहेत. नवशिकी परिचारिका नियमांच्या आधाराने चालते. निष्णात परिचारिका संपूर्ण परिस्थिती एका दृष्टिक्षेपात ओळखते. आणि ही ओळख प्रत्यक्ष प्रसंगांतूनच येते. तत्पूर्वी १९७४ साली मार्लीन क्रेमर यांनी शाळेत शिकलेले आदर्श आणि कक्षातील वास्तव ह्यांच्या आघाताने नव्या परिचारिका व्यवसाय का सोडतात ह्याचे विवेचन केले होते. तेव्हा रुग्णालयाच्या चालकास नव्या मुलीविषयी धास्ती वाटली तर ती सर्वस्वी अनाठायी म्हणता येणार नाही. चुकीच्या मात्रेचे औषध दिले गेले तर त्याची किंमत रुग्ण भरतो.

परंतु नेमणुकीच्या वेळी ह्या अर्थाची परीक्षा होते काय? बहुधा होत नाही. परीक्षा होते ती दुसऱ्या अर्थाची. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थांमधील परिचर्या अधिकाऱ्यांच्या भरतीसाठी २०२० पासून एक सामायिक परीक्षा घेतली जाते. तिच्या अटींनुसार नोंदणीकृत बी. एस्सी. पदवीधरास अनुभवाची अट नाही. पदविकाधारकास मात्र पदविका मिळाल्यानंतरचा, किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातील, दोन वर्षांचा अनुभव लागतो. ह्या अटीतील प्रत्येक विशेषण महत्त्वाचे आहे. ‘पदविका मिळाल्यानंतरचा’ म्हटल्याने शिक्षणकाळातील सर्व काम बाद होते. ‘किमान पन्नास खाटांच्या’ म्हटल्याने तालुक्याच्या गावातील बहुतेक खाजगी रुग्णालये बाद होतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. मराठवाड्यातील एका मुलीने पदविका घेतली. जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात तिला अनुभवाअभावी घेतले नाही, म्हणून तिने गावच्या वीस खाटांच्या प्रसूतिगृहात दोन वर्षे काम केले. तेथे परिचारिका दोनच, त्यामुळे तिने शेकडो प्रसूतींत साहाय्य केले, रक्तस्राव ओळखला, रात्री-अपरात्री डॉक्टरांस बोलावून घेतले. बेनर यांच्या अर्थाने ती आता नवशिकी नाही. अटीच्या अर्थाने तिचा अनुभव शून्य आहे. उलटपक्षी, मोठ्या रुग्णालयाच्या नोंदणीकक्षात दोन वर्षे बसून केवळ कागदपत्रे पाहिलेल्या दुसऱ्या मुलीचा अनुभव पुरा दोन वर्षांचा भरतो. शब्द एकच, पण पहिलीपाशी त्याचा एक अर्थ आहे आणि दुसरीपाशी दुसरा.

प्रमाणपत्र : एक कृतिवाक्य

जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेली आणि १९६२ साली ग्रंथरूपाने आलेली व्याख्याने आपल्या विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहेत. काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, ती वस्तुस्थिती घडवितात, हा त्यांचा मूळ विचार. अनुभवाचे प्रमाणपत्र हे वरवर पाहता वर्णन आहे : ‘अमुक व्यक्तीने अमुक काळात आमच्याकडे काम केले.’ वस्तुतः ते कृतिवाक्य आहे. ते लिहिले जाईपर्यंत काम झालेले असते, पण ‘अनुभव’ झालेला नसतो.

कृतिवाक्य सफल होण्यास योग्य व्यक्तीने, योग्य प्रसंगी, योग्य रीतीने ते उच्चारावे लागते. लहान रुग्णालयात नेमणुकीचे पत्रच दिलेले नसते, वेतन रोखीने दिलेले असते, हजेरीपुस्तकात नाव असतेच असे नाही. अशा ठिकाणी प्रमाणपत्र देणे वा न देणे हे चालकाच्या मर्जीवर राहते. आणि क्वचित् मूळ शैक्षणिक प्रमाणपत्रे अडकवून ठेवून मुलीस नोकरी सोडूही दिली जात नाही. तिच्या दोन वर्षांचे ‘अनुभवा’त रूपांतर करण्याची शक्ती ज्याच्या लेखणीत आहे, तोच तिच्या श्रमाचा ग्राहकही आहे. कमी वेतन आणि वाढती पाळी ती का सोसते, ह्याचे एक उत्तर येथे मिळते. ती काम वेतनासाठी करीत असते, पण थांबलेली असते त्या एका कागदासाठी.

मुलाखतीतील भाषा

ह्या ठिकाणी आणखी एक अडसर सांगितला पाहिजे. परिचर्येच्या शिक्षणाचे माध्यम प्रायः इंग्रजी, रुग्णाशी संवाद मराठीत किंवा तिच्या एखाद्या बोलीत, नोंदी इंग्रजीत, पाळी बदलताना सहकाऱ्यांस द्यावयाचा वृत्तान्त मिश्र भाषेत, आणि खाजगी रुग्णालयातील मुलाखत पुष्कळदा इंग्रजीत, अशी स्थिती आहे. मराठी माध्यमातून आलेली मुलगी ‘पोटात कळ येते की नुसते दुखते’ हा भेद वऱ्हाडी वा अहिराणी बोलणाऱ्या म्हातारीकडून अचूक काढून घेऊ शकते. परंतु ‘आपल्याविषयी काही सांगा’ ह्या इंग्रजी प्रश्नापुढे ती अडखळते. मुलाखत ह्यांपैकी दुसरे मापते, पहिले मापत नाही. जे भाषिक कौशल्य कक्षात रोज लागते ते अदृश्य राहते, आणि जे क्वचित् लागते त्यावर निवड ठरते.

परदेशच्या नोकरीतही भाषा हा उंबरठा असतो, परंतु तेथे तो निदान स्पष्ट लिहिलेला असतो. इंग्रजीभाषी देशांत जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आरोग्यव्यवसायातील प्रसंगांवर आधारलेली स्वतंत्र इंग्रजी परीक्षा आहे. तिच्यात वृत्तान्त लिहिणे आणि रुग्णाशी बोलणे हेच तपासले जाते. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीतील बाडेन-व्यूर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला, त्यातही जर्मन भाषेच्या शिक्षणाचा अंतर्भाव आहे. कोणत्या पातळीची भाषा हवी हे उमेदवारास आधी कळते आणि तयारी करता येते. आपल्या जाहिरातींत अशी स्पष्टता आढळत नाही.

‘उमेदवारी’चा विसरलेला अर्थ

आता निरसनाकडे वळू. मराठीत ‘उमेदवार’ हा फारसीतून आलेला शब्द आहे. ‘उमेद’ म्हणजे आशा, आणि ती बाळगणारा तो उमेदवार. आज निवडणूक आणि नोकरी ह्यांच्या संदर्भात त्याचा अर्थ ‘अर्ज करणारा’ एवढाच उरला आहे. परंतु ‘त्याने अमक्या वकिलाकडे उमेदवारी केली’, ‘उमेदवारीचे दिवस’ ह्या प्रयोगांत एक जुना अर्थ अद्याप जिवंत आहे. जाणत्याच्या हाताखाली, पुढे जागा मिळण्याच्या आशेने, काम करीत शिकण्याचा काळ म्हणजे उमेदवारी. ह्या अर्थात शिकणे आणि काम करणे ह्यांच्यामध्ये फट नाही. उमेदवार कोरा नसतो आणि निष्णातही नसतो. त्याला नाव आहे, जागा आहे आणि शिकविणारा आहे.

परिचर्येत ह्या मधल्या काळास असे मान्य नाव नाही, हेच उणे आहे. २०२१ च्या सुधारित बी. एस्सी. अभ्यासक्रमात शेवटचे सत्र आंतरवासितेचे आहे : २२ आठवडे, आठवड्यास ४८ तास, म्हणजे १०५६ तास. ह्या तासांत केलेल्या कामाचे कौशल्यवार प्रमाणपत्र मिळाले आणि भरतीच्या अटींत ते ‘अनुभव’ म्हणून, अंशतः का होईना, गणले गेले, तर चक्र एका ठिकाणी तरी तुटेल. शिक्षणोत्तर पहिल्या वर्षाचीही अशीच सोय करता येते. अमेरिकेत २००२ पासून नवपदवीधर परिचारिकांसाठी एक वर्षाचा निवासी कार्यक्रम चालतो. ब्रिटनच्या परिचर्या परिषदेने २०२० साली नव्या परिचारिकेस अनुभवी सहकाऱ्याचे मार्गदर्शन कसे मिळावे ह्याची तत्त्वे प्रसिद्ध केली. ह्या दोन्ही उपक्रमांत अनुभव ही प्रवेशाची अट नसून नेमणुकीनंतर देण्याची गोष्ट आहे.

तथापि सावधगिरीही हवी. जुनी उमेदवारी पुष्कळदा बिनपगारी असे, आणि तो अर्थ पुनरुज्जीवित करणे कोणासही इष्ट वाटणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ मधील निर्णयानंतर केंद्र शासनाने नेमलेल्या समितीने खाजगी रुग्णालयांतील वेतनाविषयी शिफारशी केल्या. दोनशेहून अधिक खाटा असतील तर वेतन राज्य शासनाच्या परिचारिकेइतके असावे. शंभर ते दोनशे खाटांच्या रुग्णालयात ते दहा टक्क्यांहून अधिक कमी नसावे. पन्नास ते शंभर खाटांच्या ठिकाणी पंचवीस टक्क्यांहून अधिक कमी नसावे. आणि पन्नासांहून कमी खाटा असल्या तरी ते दरमहा २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावे. केरळात २०१८ साली परिचारिकांच्या आंदोलनानंतर किमान वेतनाची अधिसूचना निघाली. उमेदवारीचे वर्ष ह्या वेतनमर्यादेच्या आतच असावे, बाहेर नव्हे. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे : वेतनाचा विचार करणाऱ्या समितीस पन्नासांहून कमी खाटांच्या रुग्णालयातील काम हे काम वाटले, भरतीची अट करणाऱ्यास मात्र ते अनुभव वाटत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून शब्द बदलले की नोकऱ्या निर्माण होतील, असा निष्कर्ष कोणी काढू नये. पदे निर्माण करणे हे शासनाचे व संस्थांचे काम आहे. परंतु अटीतील शब्द स्पष्ट झाला, तर योग्य व्यक्ती केवळ शब्दामुळे वगळली जाणार नाही, इतके निश्चित म्हणता येईल. ‘दोन वर्षांचा अनुभव’ ऐवजी कोणती कामे स्वतंत्रपणे करता आली पाहिजेत हे लिहावे. कर्तृहीन वाक्याच्या जागी कर्ता आणि प्रयोजन यावे. आणि नेमणुकीच्या दिवशीच लेखी पत्र देणे हा नियम व्हावा. ह्या तीन गोष्टींना खर्च लागत नाही.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांस ह्यात संशोधनाचा एक उपयुक्त विषय आहे. मराठी वृत्तपत्रांतील परिचारिकांच्या जाहिराती दशकवार गोळा करून ‘अनुभव’, ‘प्रशिक्षित’, ‘होतकरू’, ‘गरजू’ ह्या विशेषणांचा वापर कसकसा बदलत गेला हे पाहता येईल. ‘होतकरू’ ह्या शब्दाचा तर विशेष शोध घ्यावा. जो अजून झालेला नाही पण होणार आहे, असा विश्वास त्या एका शब्दात आहे. कोणतीही निष्णात परिचारिका एके काळी कोणाच्या तरी विश्वासावर पहिल्या रात्रपाळीस उभी राहिली होती. त्या विश्वासाची तरतूद नियमांच्या भाषेत कशी करावी, एवढाच येथे प्रश्न आहे.